रेकॉर्डीचा मान

मालकांच्या घरात तीन ठिकाणी चपला घालून जायला बंदी होती: देवघर, स्वयंपाकघर आणि रेकॉर्डीपाशी. पहिल्या दोन ठिकाणी चुकून गेलेल्याला माफी होती.

अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात कम्युनिकेशन स्किल्स शिकवायला लागले तेव्हा खोली शोधत मी त्यांच्या ओट्यावर पोचले. कॉलेजपासून दुचाकीवर थोड्या अंतरावरची ती वाडी. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूलाही ऊस, मध्ये घरं आणि महादेवाचं देऊळ. मालकांनी मला गाव विचारलं नाही, जात विचारली नाही, लग्न झालंय का हेही विचारलं नाही. मी एकदम खूश झाले. त्यांनी विचारलं एवढंच, "मॅडम, इंग्रजी शिकवता म्हंजे इंग्रजी आयकायला बी येत आसंल?" येतं म्हटल्यावर म्हणाले, "मंग सोमवारी सकाळी रिकाम्या ऱ्हावा."

ही खोलीची अट होती. दर सोमवारी, महादेवाचा वार म्हणून, प्रत्येक भाडेकरूने आंघोळ करून अनवाणी मालकांच्या पडवीत बसायचं आणि रेकॉर्ड ऐकायची. रेकॉर्ड म्हणजे जुन्या काळची ती मोठी काळी तबकडी. आणि तबकडीवर काय, तर एका अमेरिकन बँडचा सायकेडेलिक रॉक. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. लांब केसांची मंडळी गिटार, ऑर्गन आणि ड्रम एकाच वेळी सुरू करतात, कुणीही कुणाचं ऐकत नाही, आणि ऐकणाऱ्याला आपण बसलोय ती जमीन जराशी तिरपी आहे असं वाटायला लागलं की कार्यक्रम यशस्वी झाला असं समजतात. बँडचं नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, अमेरिकेत तरी ते आता कुणाला आठवतंय?

पण मालकांच्या मते ही महादेवाची रेकॉर्ड होती. अमेरिकेतल्या शिवभक्तांनी भरलेली.

हे मत त्यांनी हवेत बनवलेलं नव्हतं, त्याला पुरावा होता. तरुणपणी मालकांचा लाऊडस्पीकर भाड्याने देण्याचा धंदा होता. लग्न, यात्रा, निवडणूक, बारसं, जिथे आवाज लागेल तिथे मालकांचा भोंगा. पुण्याच्या जुन्या बाजारातून ते रेकॉर्डींचा गठ्ठाच्या गठ्ठा उचलून आणत. अशाच एका गठ्ठ्यात ही निघाली. कव्हरवर एक निळा माणूस, जटा मोकळ्या सोडलेल्या, कपाळावर तिसरा डोळा, गळ्याभोवती काहीतरी वळवळणारं आणि चारी बाजूंनी धूर. आता हे कव्हर आंबेगाव तालुक्यातल्या कुठल्याही शहाण्या माणसापुढे ठेवा आणि विचारा हा कोण. मागच्या बाजूला बँडचा फोटो होता. चार दाढीवाले आणि एक बाई, गवतात बसलेले. मालक त्या फोटोवर बोट ठेवून एकेक मुद्दा सिद्ध करत.

"अनवानी हायती का न्हाई? गळ्यात माळा हायती का न्हाई? बाईच्या अंगाव एक तरी दागिना दिसतो का? ह्याला म्हंत्यात वैराग्य."

राहता राहिलं कव्हरवरचं अक्षर. ते वितळलेल्या मेणबत्तीसारखं लोंबत होतं आणि मलाही वाचता येत नव्हतं. मालकांनी ते एका निवृत्त तलाठ्याला दाखवलं होतं, कारण त्या तलाठ्याला मोडी येत असे. त्याने चष्मा पुसून पुसून बराच वेळ पाहिलं आणि निर्वाळा दिला, "मोडीच हाय. पन लिवनारा घाईत व्हता."

मालकांची बोलायची एक तऱ्हा होती. आयुष्यभर माईक तपासल्यामुळे कुठलीही गोष्ट बोलायच्या आधी त्यांना फुंकर मारायची सवय लागली होती. मोबाईल वाजला की आधी त्यावर बोटाने टकटक, मग "फू, फू", मग "हॅलो". पलीकडचा माणूस तोवर निम्म्या वेळा फोन ठेवून देई. मग मालक म्हणत, आजकाल लोकांत दम राहिला नाही. माणसं ते आवाजावरून मोजत. नव्या भाडेकरूला "बेस चांगला हाय" म्हणाले की तो पास. काकू, म्हणजे मालकांची बायको, रागावल्या की ते शांतपणे म्हणत, "तुझं ट्रेबल वाढलंय." मग त्या दिवशी काकूंच्या आमटीत मीठ नसे.

सोमवारी रेकॉर्ड सुरू व्हायच्या आधी काकू फडताळातून कापूस काढून दोन्ही कानांत घालत. हे मी पहिल्याच सोमवारी पाहिलं आणि विचारलं, तर म्हणाल्या, "लग्नात माज्या बापानं इचारलं व्हतं, पोरगा काय करतो. म्हन्ले, आवाजाचं काम हाय. तवाच कळाय पायजे व्हतं."

नारायणगावच्या पलीकडे त्या मोठ्या दुर्बिणी आहेत, त्या पाहायला आलेला एक गोरा पाहुणा एकदा मंचरच्या बसस्टँडवर मालकांच्या हाती सापडला. त्याला ते स्कूटरवर बसवून घरी घेऊन आले. "पावनं, बसा. तुमच्याच लोकांचं हाय." पाहुण्याने बूट काढले, मांडी घालण्याचा प्रयत्न केला आणि मला इंग्रजीत सांगितलं की तो अमेरिकन नाही, नॉर्वेचा आहे. मी मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "मंग तर आयकायलाच पायजे." पाहुण्याने सगळं ऐकलं. नंतर त्याने पाणी मागितलं आणि उन्हातून चालतच निघाला. मालकांनी पुढे वर्षभर ही गोष्ट "नार्वेपर्यंत गेलंय" अशी सांगितली.

एवढ्यावर थांबलं असतं तर वेडेपणा घरचा घरात राहिला असता. पण या रेकॉर्डीला गावात मान होता. अक्षरशः मान.

बाहेरच्यांना याची कल्पना नसते. गावच्या देवाच्या कार्यक्रमात प्रत्येक गोष्टीचा मान एकेका भावकीकडे असतो. काठीचा मान एकाकडे, पालखीच्या पुढच्या खांद्याचा दुसऱ्याकडे, पहिल्या नारळाचा तिसऱ्याकडे. तो पिढ्यान्‌पिढ्या चालतो आणि त्यावरून डोकी फुटतात. मालकांच्या भावकीकडे पूर्वापार लाकडं आणायचा मान होता. लाकडं आणण्याला मान म्हणायचं हे गावाचं औदार्य. मालक लहान असताना पालखीला नुसता हात लावला म्हणून त्यांच्या वडिलांना लोकांनी देवळात सगळ्यांसमोर मागे ओढलं होतं. हे मालकांनी मला कधी सांगितलं नाही, काकूंनी सांगितलं.

मग तीसेक वर्षांपूर्वी एका महाशिवरात्रीला पहाटे भजनी मंडळात पखवाज कुणी वाजवायचा यावरून भांडण झालं आणि मंडळ उठून गेलं. देवापुढे शांतता. मालकांचा भोंगा तिथे लावलेला होताच. त्यांनी गठ्ठ्यातली महादेवाची रेकॉर्ड काढली आणि सुई टेकवली. त्या दिवसांत देवळामागच्या उसात बिबट्या येऊन बसला होता, बायामाणसं डबे वाजवत शेतात जात होती. ऑर्गनने पहिली किंकाळी फोडली, भोंग्याचं तोंड नेमकं उसाकडे होतं, आणि बिबट्या उजेडात, सगळ्या गावादेखत उसातून उठला, रस्ता ओलांडून पलीकडच्या गावाच्या उसात गेला. या चमत्काराबद्दल पलीकडच्या गावाचं मत वेगळं आहे. पण आमच्या वाडीत एकच जल्लोष झाला. कुणीतरी आनंदाने तिथल्या तिथे नारळ फोडला, करवंटीचा तुकडा उडून फिरत्या रेकॉर्डीवर पडला, ओरखडा गेला आणि सुई एका जागी अडकून तोच तो आवाज काढायला लागली. मालकांनी सुई उचलली. लोकांना वाटलं, समाप्ती झाली. "हर हर महादेव" म्हणाले, गुरवाने शंख फुंकला, आरती सुरू झाली.

तेव्हापासून हाच विधी ठरला. दर महाशिवरात्रीला उजाडताना रेकॉर्ड लागायची, ओरखड्यापाशी अडकायची, गुरव शंख तोंडाशी नेऊन तयार, मालक दोन बोटांनी सुई उचलायचे, गाव गजर करायचं आणि आरती. ओरखड्याच्या पुढे काय आहे ते कुणी कधी ऐकलं नाही. रेकॉर्डीची दुसरी बाजूही नाही. मी एकदा सुचवलं तर मालक दुखावले. "देवाला पालथं घालता व्हय मॅडम?"

मी आले तेव्हा या मानाला सुरुंग लागायला सुरुवात झाली होती. मालकांना मूलबाळ नाही. सख्खा पुतण्या होता, त्याचा डीजे होता. भिंतीएवढे स्पीकर, त्यावर फिरणारे दिवे, ट्रॅक्टरवर लादून फिरवायचा. मालकांना डीजेचा इतका तिटकारा की पारगावच्या कारखान्याकडे गाणी वाजवत जाणारा उसाचा ट्रॅक्टर दिसला तरी ते हात करून थांबवत. ड्रायव्हरला वाटे रस्त्यात काही झालंय. मालक जवळ जाऊन सांगत, "बेस कमी कर," आणि परत ओट्यावर येऊन बसत.

पुतण्याला रेकॉर्डीचा मान हवा होता. त्याचं म्हणणं सरळ होतं: मान भावकीचा आहे, रेकॉर्ड जुनी झाली, नाना, म्हणजे मालक, म्हातारे झाले, आता मान डीजेकडे द्या. मालकांचं म्हणणं त्याहून सरळ होतं: मी मेल्यावर. त्यांच्या वडिलांना ज्या गाभाऱ्याच्या पायरीवरून मागे ओढलं, त्याच पायरीवर ते वर्षातून एकदा उभे राहत, आणि काठीवाले, पालखीवाले सगळे त्यांच्या दोन बोटांकडे बघत थांबत. हे सोडायला ते वेडे नव्हते. म्हणजे, एवढ्या बाबतीत तरी.

मग पुतण्याने मोबाईलवर शोध लावला. त्याने कव्हरचा फोटो काढला, तो कुठेतरी टाकला आणि त्याला सगळं मिळालं: बँड, गाणं, बँडवाले कसे राहत, काय ओढत. महाशिवरात्रीच्या आठवडाभर आधी देवळाच्या सभामंडपात बैठक बसली. इंग्रजीची जाणकार म्हणून मला बोलावणं आलं. कॉलेजात मला इंग्रजीबद्दल कुणी कधी काही विचारलं नाही. विचारलं ते देवस्थान समितीने.

पुतण्या म्हणाला, "मॅडम, तुमी दर सोमवारी आयकता. काय म्हनत्यात ते लोक, सांगा गावाला."

सगळं गाव बसलेलं. मालक खांबाला टेकून, मांडीवर रेकॉर्ड, रेकॉर्डीवर टॉवेल. मी खोटं बोलणार नव्हते. मी सांगितलं, "एक माणूस खुर्चीवर बसलाय. समोरची भिंत श्वास घेतेय असं त्याला वाटतं. मग स्वतःचा हात स्वतःचा वाटेनासा होतो. मग तो विचारतो, खुर्चीवर कोण बसलंय? आतून उत्तर येतं, कुणी नाही. आणि याचा त्याला फार आनंद होतो."

मग कीर्तनकार बुवा, गावातले सगळ्यात वयस्कर, घसा साफ करून म्हणाले, "आरं, ह्येच सांगून सांगून माजा घसा बसला. देह आपला न्हाई, मी म्हनून कुनी न्हाई. ह्या गड्याला खुर्चीत बसल्या बसल्या कळलं."

"पन भित्ताड श्वास घेतंय म्हनतोय, बुवा," पुतण्या म्हणाला.

"मंग? आपल्याकडं भित्ताड चाललं. त्यांचं नुसतं श्वास घेतंय. नवीन हाय आजून."

पुतण्याचा धीर सुटला. "बुवा, ह्ये लोक गांजा पिऊन म्हनत व्हते. सगळं लिवल्यालं हाय मोबाईलवर."

बुवा त्याच्याकडे वळले. "महादेवाचं गानं हाय," ते म्हणाले, "मंग काय च्या पिऊन म्हनायचं व्हतं?"

सभामंडप हसला. म्हाताऱ्या बायासुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. कुणीतरी म्हणालं, चला, मान नानांकडंच. पुतण्या हरला होता आणि मालक जिंकले होते. गोष्ट इथे संपायला हवी होती. पण मालक हसत नव्हते.

ते उठून माझ्यापाशी आले. फुंकर न मारता बोललेलं मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. "मॅडम, गांजाचं खरं का वो?"

"खरं आहे, मालक."

त्यांनी रेकॉर्ड टॉवेलात गुंडाळली आणि घरी निघून गेले.

हे कळायला मालकांची आणखी एक बाजू ठाऊक असावी लागते. व्यसन म्हटलं की हा माणूस पिसाळायचा. खोल्यांवर राहणाऱ्या पोरांची तोंडं ते हुंगून पाहत. एका पोराला त्यांनी सिगारेटवरून ऐन परीक्षेत बाहेर काढलं होतं, त्याच्या वडिलांनी येऊन पाय धरले तरी पाघळले नाहीत. दुसऱ्या एकाला बडीशेपेचा वास जास्त येतो म्हणून काढलं. बडीशेप लपवण्यासाठीच खातात, असा त्यांचा सिद्धांत होता. एवढ्या कडक माणसाने तीस वर्षं देवापुढे पाच गंजेटी बसवले होते आणि पोरांना आंघोळ घालून त्यांच्यापुढे बसवलं होतं.

मी त्यांची समजूत घालायला गेले. म्हटलं, बुवा स्वतः चालेल म्हणाले, गावाचं काही म्हणणं नाही. मालक माळ्यावर चढून रेकॉर्ड पत्र्याच्या पेटीत ठेवत होते. वरूनच म्हणाले, "बुवाला चालंल. गावाला चालंल. महादेवाला बी चालत आसंल. मला न्हाई चालत."

आता यात तत्त्वनिष्ठा किती आणि ताठा किती हे मी आजही सांगू शकत नाही. मला त्यांचा राग आला. ज्या जागेसाठी बापाने अपमान गिळला ती जागा गाव आपणहून देतंय, आणि हा माणूस बडीशेपेच्या सिद्धांतापायी ती सोडतोय. काकूंनाही पटलं नव्हतं. त्या सोमवारी सकाळी त्या नेहमीप्रमाणे फडताळाशी गेल्या, कापूस हातात घेतला आणि तसाच परत ठेवला. म्हणाल्या, "घर खायला उठलंय."

महाशिवरात्रीला उजाडायच्या आधी मी काकूंबरोबर देवळात गेले. मालक आले नाहीत. रेकॉर्ड नाही म्हणून गाव अडून बसलं होतं, रेकॉर्डीशिवाय आरती कशी करायची? पुतण्याने मग मोठेपणाने सांगितलं की तेच गाणं आपण इंटरनेटवरून उतरवलंय, काळजी करू नका. देवळासमोर डीजेची भिंत उभी होती, दिवे फिरत होते. भीमाशंकरला निघालेल्या दोन गाड्या कुतूहलाने रस्त्यात थांबल्या होत्या.

गाणं सुरू झालं. एवढं स्वच्छ की लोक दचकले. भोंग्यातून इतकी वर्षं जी एक सलग गुरगुर ऐकली होती, तिच्यात माणसं होती, ड्रम होते, कुणीतरी खोकत होतं. बुवा डोळे मिटून मान हलवत होते. गाणं आपल्या ओळखीच्या जागेकडे यायला लागलं. गुरवाने शंख तोंडाला लावला, गाल फुगवले. लोकांनी हात वर उचलले.

आणि गाणं पुढे गेलं.

इंटरनेटवरच्या गाण्याला ओरखडा कुठून असणार. हात वर ते वरच राहिले. गुरवाचे गाल फुगलेले, डोळे पुतण्याकडे. एक म्हातारी म्हणाली, "झालं का?" दुसरी म्हणाली, "आजून न्हाई." ऑर्गन आपला चाललाय, चाललाय, थांबायचं नाव नाही. पुतण्या घामाघूम झाला. त्याने मोबाईलवर बोट मागे ओढलं, तर गाणं पहिल्यापासून सुरू झालं. पुन्हा सगळ्यांनी वाट पाहिली, पुन्हा ती जागा आली आणि गेली. "थांबव की," कुणीतरी ओरडलं. "कुठं थांबवू?" पुतण्या ओरडला. ते कुणालाच नक्की सांगता येईना. सगळ्यांनी तीस वर्षं गाण्याकडे नाही, मालकांच्या बोटांकडे पाहिलं होतं. पूर्वेला तांबडं फुटत होतं, आरतीची वेळ चालली होती आणि देवापुढे पाच अमेरिकन काही केल्या गप्प बसत नव्हते.

तेवढ्यात मागे गलका झाला. मालक. बनियन, लुंगी, अनवाणी, दाढी वाढलेली. ओट्यावर बसून सगळं ऐकत असणार. डीजे न ऐकण्याची सोय त्या वाडीत कुणालाच नव्हती. गर्दीने वाट दिली. ते पुतण्याकडे गेले नाहीत, सरळ पायरीवर आपल्या जागेवर जाऊन उभे राहिले. एक बोट वर केलं. "पयल्यापासनं लाव," म्हणाले.

पुतण्याने लावलं. मालक डोळे मिटून, मान तिरकी करून ऐकत होते. त्यांच्या तोंडावर इतका तिरस्कार होता की कुणी भजन ऐकतंय असं वाटलंच नसतं. ती जागा आली. मालक दोन ढांगांत खाली उतरले, डीजेच्या मागे गेले आणि वायर उपटली.

सगळं गप्प झालं. दिवे विझले. मग "हर हर महादेव" असं काही उठलं की रस्त्यावरच्या गाड्यांमधली माणसं खाली उतरली. गुरवाने इतका वेळ कोंडलेला श्वास शंखात सोडला. आरती सुरू झाली. मालक प्लग हातात धरून उभे होते. पुतण्या जवळ आला तेव्हा त्याच्या हातात प्लग देऊन म्हणाले, "बेस लई झाला."

त्यानंतर समितीने ठराव केला. गाणं लावायचा मान पुतण्याचा, वायर उपटायचा मान मालकांचा. हसू नका, अजून चालू आहे. प्लगला हळदकुंकू लावतात, मालकांना टॉवेल-टोपी देतात. मालकांचं समाधान झालं, कारण यात तत्त्वाला बाधा नव्हती. मला म्हणाले, "वाजवायचं पाप त्याचं. गंजेट्यांना गप करायचं पुन्य माजं."

नंतर मी पुण्यातल्या कॉलेजात गेले. तिथे एका रिकाम्या दुपारी इअरफोन लावून मी ते गाणं शेवटपर्यंत ऐकलं. तीस वर्षं एका अख्ख्या गावाने जे ऐकलं नाही ते आपण ऐकतोय म्हणून मी दार लावून घेतलं होतं. पुढे काहीही नव्हतं. तोच ऑर्गन, तेच ड्रम, तीच भिंत, कंटाळा येईपर्यंत. मी इअरफोन काढले आणि मला मालकांची फार आठवण आली. त्या घरात होते तोवर सोमवार आला की मला तो दिवस नकोसा व्हायचा. आता सोमवार कुठल्याही वारासारखा जातो, आणि हेही मला आवडत नाही.

यंदा महाशिवरात्रीनंतर त्यांचा फोन आला. टकटक, मग "फू, फू", मी दम धरला.

"हॅलो. मॅडम, येक इचारायचं व्हतं. तुमी आयकलं आसंल की समदं. मी उपटतो त्याच्या फुडं काय हाय?"

मला वाटलं, काहीतरी भारी सांगावं. पण या माणसाने खरं ऐकून एकदा मान सोडला होता. त्याला खोटं सांगणं बरं दिसलं नसतं. "काही नाही, मालक. तेच ते आहे. शेवटपर्यंत."

मी मनात म्हटलं, वाईट वाटलं असणार. मग हसण्याचा आवाज आला, दबका, अगदी खूश.

"मला वाटलंच व्हतं. त्ये पोरगं दर साली मोबाईल धरून शेजारी उबं ऱ्हातं. मी कुठं उपटतो त्याची येळ लिवून घ्यायला. एकदा येळ घावली की झालं, मान त्याचा. म्हनून मी दर साली जागा बदलतो. कदी अलीकडं, कदी पलीकडं. गाव गजर करतंच. म्हनलं, फुडं काय महत्त्वाचं आसंल तर पाप नको. पन फुडं तेच हाय तर मंग काय, कुठंबी उपटलं तरी चालतंय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पन मॅडम, ह्ये गावात कुनाला सांगू नका."

मागून काकूंचा आवाज आला, कापूस नसलेल्या माणसाचा, स्वच्छ. "साऱ्या गावाला ठावं हाय ते."

मग फोनवर टकटक झाली. "फू, फू," ते म्हणाले. "हॅलो? हॅलो? मॅडम, आवाज येत न्हाई."